रिकामं वजन

काट्यावरची पावती-वही अजून अर्धी कोरी आहे.
गाडी नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन, वेळ.
सावर्ड्याची खाण बंद झाली त्या दिवशी
मी ती पिशवीत घालून आणली, कार्बनसकट.
कोणी मागितली नाही.

आता दर शुक्रवारी रात्री तिच्यात जहाजं लिहितो.

खोदणारी अकरा. वाहणारी दोन.
मध्ये उभं राहून सगळ्यांच्या यंत्रांना जोर पुरवणारं एक,
ते मिंगेलचं. तो स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करतो,
झोपेतून उठून थेट येतो, आवाज अजून उशीवरचा.
पहाऱ्याला सुलक्षा, कुवेतच्या इस्पितळातली ड्युटी संपवून.
नकाशाच्या कडेला परकं नाव उगवलं
की तिच्याआधी कोणालाच दिसत नाही.
गुणाजीचं इंटरनेट वारा सुटला की जातं.
त्याला मी शेवटच्या ओळीत ठेवतो
आणि वाटा पुरता लावतो.

नऊला जमायचं, साडेनऊला निघायचं.
आधी एक हलकं जहाज पुढे धाडायचं, गेलं तरी चालेल असं.
एकाच दगडाला सगळ्यांनी लागायचं नाही.
पोट भरलं की वाहणाऱ्याला हाक द्यायची, ताटकळायचं नाही.
परकं नाव दिसलं तर माल सोडायचा,
जहाज वाचवायचं.

बाबा पलंगावरून ऐकतात.
एकवीस वर्षं टिप्पर, रिवण ते कापशाचा धक्का,
दिवसाला पाच फेऱ्या, हाव सुटली तर सहा.
त्यांचे प्रश्न कामाचे असतात.
डिझेल कोणाचं?
गाडी मोडली तर कोण भरणार?
पहिला नंबर कोणाचा, आणि तोच का?
एकदा म्हणाले, भरताना तोंड दगडाकडे ठेवू नका,
पळायच्या वाटेकडे वळवून ठेवा गाडी.
आम्ही तसं केलं.
त्या शनिवारी चार जहाजं सुटली.
मिंगेलने सासष्टीच्या कोंकणीत एक लांबलचक शिवी दिली
आणि म्हणाला, तुझ्या बापाला वाटा दे.
दिला. ओळ सोळावी: बाबा. जहाज: नाही.

काल त्यांनी विचारलं,
"आनी माती खंय उडयतात?"

मला आधी कळलंच नाही.
माती. वरची.
खनिजापेक्षा जास्त निघते ती,
जिचे ढिगारे पावसात खाली उतरतात
आणि कोणाच्या तरी भाताच्या मुळाशी जाऊन बसतात.

म्हटलं, माती नसते तिथे.
दगडावर किरण धरायचा,
दगड बारीक होत जातो आणि मग नसतो.
दुसऱ्या दिवशी सगळे दगड परत जागच्या जागी.

"परत?"

होय. रोज. दुपारी साडेचारला,
खेळ थोडा वेळ बंद ठेवतात, तेव्हा.

पंख्याचा आवाज बराच वेळ एकटाच चालू होता.
मग ते कुशीवर वळून म्हणाले,
"मगीर ती खण न्हय."
रागाने नव्हे. काट्यावर चुकीचा आकडा दिसला
तर सांगायचे, तसं.

आज दुपारी साडेचारला सोप्यावर बसलेले पाहिले.
जिथे डोंगर होता तिथे आता आभाळ जास्त आहे.
त्या बाजूला त्यांनी पाठ केली होती,
आणि शेंगा सोलत होते.
मी काही विचारलं नाही.

नवाला पाच कमी.
सुलक्षा आली. मिंगेल खोकतोय.
गुणाजीकडे वारा सुटलाय बहुतेक.
मी कार्बन सरळ करून ओळी ओढतो, सोळापर्यंत.
दुसरी प्रत आपोआप निघते,
ती कोणाला द्यायची असते
ते विसरून किती वर्षं झाली.

सोळाव्या ओळीत रिकामं वजन
अजून भरलेलं नाही.